जे आधी होईल ते

तीन वर्षं किंवा एक लाख किलोमीटर,
यापैकी जे आधी होईल ते.
वर्षं आधी झाली.
त्यानंतर अकराव्या दिवशी
शिरोलीच्या पुलावर
बॉनेटखाली कुणी आतून घण घालावा तसे
तीन ठोके आले. चौथा आला नाही.

डिकीत बर्फाच्या पेटीत सव्वीस माणसांचं रक्त,
हातकणंगल्याचं, रुकडीचं, वडगावचं,
साडेदहाच्या आत राजारामपुरीत लॅबला पोचायचं.
मागं उसाच्या ट्रॉल्या, त्यांची गाणी थांबेनात.
एका दुधाच्या टेम्पोवाल्यानं पेटी केबिनमध्ये घेतली,
म्हणाला, लॅबचं नाव सांगा ताई, पोच करतो.
गाडीसाठी मात्र क्रेन.

शोरूममध्ये एसी, काचेचं टेबल,
इंद्रजित चौगले नावाचा पोरगा,
टायची गाठ जरा तिरकी,
आवाज आमच्या बावड्याचाच
पण शब्द कुणीतरी पाठ करून दिलेले.
मॅडम, ऑइलचा गाळ झालाय, बेअरिंग जाम,
रॉड ब्लॉक फोडून बाहेर आलाय.
एक लाख चौऱ्याऐंशी हजार सहाशे.
मी म्हटलं, वॉरंटी?
त्यानं तारखेवर बोट ठेवलं.
मी म्हटलं, अकरा दिवस!
त्यानं दुसरं पान काढलं.
एकदा ऑइल बाहेर बदललंत ना?
'बाहेर' त्यानं असं काही उच्चारलं
की मला उगाच पदर सावरावासा वाटला.
मी पंजाबी ड्रेसमध्ये होते.

तरीही कंपनी सदिच्छा म्हणून पंधरा टक्के देईल.
फक्त पार्टवर.
मजुरीवर सदिच्छा नसते.

दुसऱ्यांच्या रिपोर्टांवर मी रोज लाल रेघ मारते,
साखर बघा, क्रिएटिनिन बघा, वेळेत दाखवा.
माझ्याच गाडीचा दिवा दिवाळीपासून
मधूनच पेटायचा, मधूनच विझायचा.
सर्व्हिसिंगला म्हणाले, सेन्सर असेल.
मीही म्हटलं, असेल.

शेवटी उद्यमनगर.
रियाज मुजावरच्या शेडमध्ये इंजिन साखळीला टांगलेलं,
खाली घमेल्यात काळं काहीतरी, ठिबकायलाही आळशी.
सांगलीत जुना ब्लॉक हाय, म्हणाला, बासष्टात बसवतो.
वॉरंटी किती, मी सवयीनं विचारलं.
तो हसला. मी हाय की हितंच.

तेवढ्यात आप्पा आले, न बोलावता, केएमटीनं.
भूपाल मगदूम. एकतीस वर्षं फाउंड्रीत कोअर केलेले हात,
अजून जेवायला बसताना बोटं झटकतात, वाळू असल्यागत.
त्यांनी पाना उचलून ब्लॉकवर टिचकी मारली,
कुंभार गल्लीत मडकं घेताना आई मारायची तशी,
आणि कान लावला.
काका, फुटलंय ते, दिसतंय की, रियाज म्हणाला.
दिसतंय रे. ऐकतोय.

मग रॉकेलची चिंधी घेऊन
एका अंगाचा काळा थर पुसू लागले,
जिथं ओतीव लोखंडात फाउंड्रीची खूण उठते तिथं.
दोन अक्षरं असावीत, एक आकडा असावा.
मी वाकले तर त्यांचा खांदा मधे.
तुमच्यातलाच काय ओ आप्पा?
गंजलंय, म्हणाले. वाचाय येत न्हाई.
हात काढून घेतला,
चिंधी तिथंच राहू दिली.

रियाजला आगाऊ रक्कम त्यांनीच दिली,
बंडीच्या आतल्या खिशातून, दोनदा मोजून.
मी नको म्हटलं, त्यांना ऐकू आलं नाही.

परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसले,
शिवाजी पुतळ्यापर्यंत एक शब्द नाही.
मग एकदम:
ते सव्वीस जणांचं रक्त, पोचलं का?
पोचलं, मी म्हटलं.
किती वाजता?
दहा वीसला.
त्यांनी मान हलवली,
आणि बोटं झटकली.