निवटी

जुम्मा उरकून निघालो.
रोल्याहून बस, मग खानपर्यंत चालत.
चालत म्हणजे सुफियान माझ्या मानेवर,
अरिबा रुकैयाच्या ओढणीच्या सावलीत,
आणि पारा छेचाळीसवर.
दार सरकलं तेव्हा असा गारवा अंगावर आला
की धाकट्यानं विचारलं, "समुद्र इथूनच चालू होतो का?"

तिकिटाचे पैसे मी मनात रुपयांत करून पाहिले.
अकरा वर्षांत ही खोड गेलेली नाही.

पहिल्याच काचेमागे हेकरू.
ओठ लोंबलेले, कपाळाला आठ्या,
थेट आमच्या गोदामाचा मुदीर.
अरिबा पाटी वाचते उजवीकडून डावीकडे, बोट फिरवत,
"हामूर."
खाली इंग्रजीत तिसरंच काहीतरी.
"अब्बा, याचं खरं नाव काय?"
म्हटलं, त्यालाच विचार.
तिनं विचारलं. तिन्ही भाषांत.
हेकरूनं तोंड उघडलं, मिटलं,
उघडलं.

बोगद्यात डोक्यावरून पाकट गेली,
चादर झटकावी तशी.
"हसतेय ती," सुफियान म्हणाला.
रुकैया माझ्या कानाशी, "आई हिचं सुकं करायची, मिरी घालून."
"मुलांसमोर नको."
आणि मोरी आली तेव्हा मीच म्हणालो, मटण.
आम्ही दोघं हळू आवाजात जेवत होतो,
मुलं मोठ्यानं बघत होती.

शेवटच्या कोपऱ्यात, संडासाच्या वाटेवर,
एक बुटकी पेटी. पुढे कुणीच नाही.
पाणी बोटभर, बाकी चिखल,
राखाडी, ओला, भोकं पडलेला.
सुफियानला शू लागली नसती तर दिसलीही नसती.

चिखलानं डोळे उघडले.

मी खाली बसलो. नवी पँट, तरीही गुडघ्यांवर.
डोळे बेडकाकडून उसने आणलेले, गाल फुगलेले,
परांच्या कोपरांवर रेटत ती सरकली,
थांबली,
टुण्णदिशी उडाली.
आणि माझ्या डाव्या टाचेत, जिथे कधीतरी
कालवाची धार घुसली होती, तिथे हुळहुळलं.

ओहोटीला खाडी आमची असायची.
डालड्याचा डबा, मांडीपर्यंत गाळ,
बिळात हात कोपरापर्यंत, श्वास रोखलेला,
आणि मुठीत एकदम काहीतरी
जिवंत, निसरडं, रागावलेलं.
दहातल्या नऊ निसटायच्या.
दहावी कैरीच्या आंबटात.
हे मी घरी कधी सांगितलेलं नाही,
सांगण्यासारखं आहे असं वाटलंच नाही.

अरिबा पाटीवर अक्षरं जोडत होती,
"नत्तात... अत्-तीन. म्हणजे चिखलात उड्या मारणारा."
"निवटी," मी म्हणालो.
"असं लिहिलेलं नाही."
"नाही लिहिलेलं."
"निवती," सुफियान म्हणाला, काचेला नाक चेपून,
आणि त्याच्या श्वासानं निवटी पुसट झाली,
पुन्हा दिसली.

रुकैया त्याला आत नेऊन परतही आली.
अरिबाला मोरी पुन्हा बघायची होती,
दुकानातला निळा ऑक्टोपस हवा होता.
तिनं माझी बाही ओढली. पुन्हा ओढली.
मग थेट आईसारखा सुस्कारा टाकला,
"शेवटची दोन मिनिटं हां, अब्बा."

बाहेर ऊन तसंच उभं.
भिंतीपलीकडे पाणी उतरलेलं, वास आला.
सुफियान फरशीवरून निघाला उड्या मारत,
कोपरं बाहेर, गाल फुगवून.
फलकावरचा देवमासा निवटी.
झाडूवाल्याची पिवळी गाडी निवटी.
स्टॉपवरचे टकले काका,
तेही.
"प्रत्येक गोष्ट निवटी नसते!" अरिबा वैतागली.
"मग कुठे असते?"
ती थांबली. खरोखर विचार केला.
"आधी चिखल लागतो," म्हणाली,
आणि बस आली.