अठराशे तास, अंदाजे

पुस्तिकेत लिहिलं होतं : अठराशे तास.
त्यापुढं बारीक अक्षरात : अंदाजे.
तो शेवटचा शब्द भूपालनं वाचलाच नाही.
कुपवाडच्या शेडमध्ये, लेथच्या बाजूला
खडूनं फरशीवर भागाकार मांडला :
रोज दोन तास, रविवारी सहा,
आठवड्याला अठरा.
म्हणजे शंभर आठवडे.
इतकी बिनबाकीची वजाबाकी झाली
की त्यालाच कौल समजून आम्ही पेढे वाटले.

माणूस अंदाजाचा कच्चा नव्हे.
पंचवीस वर्षं पंपाचे शाफ्ट कातले,
गिऱ्हाईक दारात उभं असताना
नुसतं ड्रॉइंग बघून सांगायचा,
"साडेचार तास, चहा धरून,"
आणि साडेचारच लागायचे.

पेट्या आल्या.
फळ्यांचे खिळे उपसून
एकेक भाग यादीशी ताडून बघण्यात
एकोणीस तास गेले.
मी विचारलं, हे कुठं धरायचे?
म्हणाला, हे काम नव्हे.
तेव्हा मी वहीत उभी रेघ मारली.
डावीकडं काम.
उजवीकडं हे.

डावीकडं : भोकं पाडणं, भोकांच्या कडा घासणं,
पत्र्यावर पत्रा बसवणं, रिव्हेटं.
रिव्हेट एकट्यानं होत नाही.
तो बाहेरून बंदूक लावतो,
मी पंखाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालून
लोखंडी ठोकळा धरते.
दिसत काही नाही. तो विचारतो, "धरलं?"
मी म्हणते, "धरलं."
हाताला मुंग्या येतात, की पुढचं भोक.
बत्तीस वर्षांच्या संसारात
एवढ्या वेळा त्यानं मला
काहीच विचारलेलं नाही.

उजवीकडं :
हातातून निसटलेला एक नट शोधणं, पावणेदोन तास.
सोमवारी वीज नाही.
उलटी बसलेली पट्टी, तिची एकसष्ट रिव्हेटं पोखरून काढणं.
हे डावीकडं की उजवीकडं, यावरून दोन दिवस अबोला.
अबोलाही उजवीकडं.
तासगावला भाच्याचं लग्न.
स्टुलावर बसून नुसतं बघत राहणं :
याला मी चोरून घड्याळ लावलं.
सगळ्यात मोठी बेरीज त्याचीच.

शंभरावा आठवडा उजाडला तेव्हा
शेपूट झालं होतं, आणि एक पंख.
चहाच्या गाड्यावरून इलाही शिकलगार ओरडायचा,
"मगदूम, इमान कवा उडायचं?"
"दिवाळीला."
कुठल्या, हे विचारायचं त्यानं पुढंपुढं सोडून दिलं.

मग कृष्णेचं पाणी गावभागात शिरलं.
नणंदेचं बिऱ्हाड, नऊ माणसं आणि एक पोपट,
शेडमध्ये राहायला आलं.
पंखावर ओल्या गोधड्या पसरल्या.
नणंदेची नात, दहा महिन्यांची सम्यका,
कुठंच झोपेना.
शेपटाकडच्या पोकळीत चादर अंथरली
तर झोपली.
तेरा दिवस.
वहीत मी दोन्ही रकाने मोकळे सोडले.
भूपालनं नंतर ते पान बघितलं,
पेन्सिल घेतली, डावीकडं काहीतरी लिहिलं,
खोडलं.

परवा विट्याचा एक पोरगा आला.
त्यालाही बांधायचंय.
म्हणाला, काका, एक आकडा सांगा.
भूपाल त्याच्याकडं
ड्रॉइंगकडं बघावं तसा बघत राहिला.
"लग्न झालंय?"
"ठरलंय."
"तिला घेऊन ये एकदा. मग सांगतो."

डावीकडं आज तेवीसशे अकरा.
इंजिन अजून पेटीत आहे,
पेटीवर इस्त्रीचे कपडे.
उजवीकडची बेरीज मी करत नाही.
दिवस मावळायच्या आत आमची जेवणं उरकतात,
शेडमधली ट्यूब दोनदा लुकलुकून लागते.

"धरलं?"
"थांब, हात बदलते."