झोकरकर

सुरुवात मिलच्या टीममधून. मग मिलच बंद पडली.
मग वीज मंडळ: रोजंदारीवर,
आठवडाभर खांब मोजायचे, रविवारी गोल मारायचे.
मग रतलाम, मग नागदा, मग परत इंदूर,
मग एका शेठजींची हौस टिकली तोवर देवास.

देवासने त्याला आमच्याकडून घेतलं
दोन चेंडू आणि एक पंप देऊन.
पंप गळका निघाला.
झोकरकर म्हणाला, म्हणजे माझी किंमत दोन चेंडूच धर.

मी गोलकीपर.
अकरा मोसम, कधी त्याच्या मागे, कधी समोर.
मागून दिसायची पाठ:
दर वर्षी रंग वेगळा, नऊ नंबर मात्र तोच,
वहिनीने जुन्या जर्सीवरून उसवून
नव्या जर्सीवर टाचलेला.
शेवटी शेवटी त्या नऊचं शेपूट झिजलं
आणि लांबून तो शून्य दिसायला लागला.

समोरून दिसायचा डावा पाय.
बाकी सगळं अंग खोटं बोलायचं,
नजर त्या कोपऱ्यात, खांदा त्या कोपऱ्यात,
चेंडू या.
मला सगळं ठाऊक असायचं.
तरी मी त्या कोपऱ्यातल्या धुळीत, तोंडावर.

मीटरगेजच्या गाडीत
बूट नाडीने खिडकीच्या गजाला बांधायचा.
महूपर्यंत अर्धे वाळायचे.

एकदा कोलकात्याहून माणूस आला होता, त्याला बघायला.
नेमकं त्या दिवशी चिमणबागेत
कुणा मंत्र्याचं हेलिकॉप्टर उतरायचं होतं.
मॅच रद्द.
त्या माणसाने जास्त शेव घालून पोहे खाल्ले,
वर जिलबी,
आणि रात्रीच्या गाडीने परत गेला.
पैसे झोकरकरने दिले.

पेपरात नाव तीनदा.
एकदा जोगळेकर छापलं, एकदा झोकरे,
एकदा अगदी बरोबर, काना-मात्रेसकट,
पण जखमींच्या यादीत.

त्याच्या हिशेबाने गोल दोनशे अकरा.
माझ्या वहीत एकशे त्रेसष्ट.
मधले अठ्ठेचाळीस कुठे गेले, भिया?
तो म्हणतो, गावोगावच्या मैदानांत, जिथे जाळी नव्हती.
चेंडू थेट सोयाबीनमध्ये जायचा
आणि शोधून आणेपर्यंत
लोक म्हणायचे, गोल कसला, बाहेरून गेला.
मी वाद घालत नाही.
त्यातले तीन तर मीच नाकारलेत.

शेवटचा सामना महूला.
वय सदतीस, कागदावर बत्तीस.
गुडघ्याला निर्गुडीच्या तेलाचा वास,
तो मला बारा पावलांवरूनही येत होता.
दोनच मिनिटं उरलेली, बरोबरी,
आणि तो एकटा माझ्यासमोर.
पाय फिरला, गुडघा फिरला नाही.
चेंडू घरंगळत माझ्या ओंजळीत आला,
शेजारणीने उसनी वाटी परत करावी तसा.
त्याने कमरेवर हात ठेवले, म्हणाला,
परतीची बस कितीला रे?

आता शाळेची व्हॅन चालवतो.
सकाळी पावणेसातला, माझ्या दुकानासमोर,
चाकात हवा आहे की नाही ते
डाव्या पायाने बघतो. एक ठोका, मागच्या चाकावर.
आत मुलं भांडत असतात खिडकीसाठी.

मी शटर वर करत असतो.
हात वर, आणि तो आवाज,
आणि अजूनही
माझं सगळं अंग
चुकीच्या बाजूला कलतं.