शेरा

नारीनच्या शाळेत, कोळशाच्या शेगडीला पाठ लावून
तिसरीची प्रगतिपुस्तकं भरतेय.
अक्षर सुधारावे. गृहपाठ वेळेवर करावा.
सगळ्यांशी मिळून वागतो.
एकोणतीस शेरे झाले. जिबेकचा रकाना कोरा
आणि पेनातली शाई थंडीनं अडकलीय.

ती आली तेव्हा मी हरखले, खोटं का बोलू.
बाप मेंढपाळ. म्हणाला,
ही मेंढ्या मोजत नाही, उरलेल्या मोजते.
सातासातांच्या रांगा लावून किती उरल्या,
अकरा-अकरांच्या लावून किती,
आणि त्या दोन आकड्यांवरून
आमचा साठ-सत्तरांचा कळप अचूक सांगते.
मी लगेच पाचवीचं गणित दिलं. मग सातवीचं.
भुकेल्याला वाढावं तशी वाढत गेले.
ताटाकडे बघत होते,
तोंडाकडे नाही.

नोव्हेंबरात, नकाशाच्या तासाला
तिनं आमच्या नदीवर बोट ठेवलं
आणि सरकवत नेलं, डोंगर उतरून,
सीर दर्याच्या वाळवंटातून,
थेट त्या निळ्या डागापर्यंत.
नकाशा जुना, माझ्या लहानपणचा.
"एजे, हा समुद्र आता नाहीये ना?"
बराचसा आटलाय, मी म्हटलं.
पान अठ्ठेचाळीस काढा.

तीन दिवस ती जेवली नाही.
ताप नाही, खोकला नाही, आई सांगत होती,
नुसती खिडकीतून नदी बघते
आणि विचारते,
तिला कुणी सांगितलंय का?

शेजारीण म्हणाली, इतकी हुशार, आणि रडते?
मुख्याध्यापक म्हणाले, स्पर्धेला बसवा, विसरेल.
पोरांनी नाव पाडलं, म्हातारी.
हातमोजे उलटेसुलटे,
बुटाची नाडी अजून बांधता येत नाही,
अशी म्हातारी.

शनिवारी तिला पुलावर नेलं.
वाफ, ढग, हिमनदी,
सगळं जुळवून आणलं होतं, चित्रासकट.
कठड्याशी उभं राहिल्यावर
त्यातलं एकही तोंडातून निघेना.
म्हटलं, मला माहीत नाही, जिबेक.
मलाही वाईट वाटतं.
तिनं माझा हात धरला,
गोठलेल्या पाण्यावर आधी एकच पाय टाकून
बघतात ना, तसा.

पुलापलीकडे पाणी मोजायची खोली आहे.
सागिनबेक तिथं अडतीस वर्षं
नदीची उंची वहीत लिहितो.
तो तिला हुशार म्हणाला नाही.
म्हणाला, आज किती असेल? न बघता सांग.
तिनं सांगितलं.
चार बोटं चुकली.
तो असा हसला की खोकला लागला,
आणि तीही हसली, मान मागे टाकून,
पुढचे दोन दात नसलेलं तोंड उघडून.
चुकायला तिला आजवर
कुणी जागाच दिली नव्हती,
मीसुद्धा.

मग त्यानं सांगितलं,
समुद्राच्या उत्तरेला बांध घातलाय,
थोडं पाणी परतलंय, मासेही.
"सगळा नाही," तो म्हणाला.
"सगळा नाही," तिनं वहीत नोंदवल्यासारखं म्हटलं
आणि माझ्या डब्यातली अख्खी रोटी संपवली.

आता मंगळवारी, शनिवारी ती तिकडेच असते.
बरोबर उलान. त्याला सातचा पाढा येत नाही,
पण बर्फ कुठं पोकळ वाजतो ते कळतं.
ती त्याला कधी शिकवायला जात नाही.
तो पुढं, ती मागं.

रडते अजूनही. परवा एका कोकरासाठी,
काल कशासाठी ते सांगितलं नाही.
मी जवळ बसते. कधी सफरचंद कापते.

आज दुपारी मात्र
शून्याला सम का म्हणायचं यावर वाद घालता घालता
तिनं माझ्या गुडघ्यावर सरळ बूट ठेवला,
बोलणं न थांबवता.
मी नाडी बांधली. दुहेरी गाठ.

शाई सुटलीय.
गणितापुढे 'उत्तम' लिहिलं, ते कुणीही लिहील.
खाली, शेऱ्याच्या रकान्यात,
पुढच्या वर्षीच्या बाईंसाठी लिहिते:
वय वर्षे आठ.
विसरू नये.