वॉच

पाचवीत कोमरपंत मास्तरांनी फळ्यावर मनगट काढलं,
मनगटावर एक गोल,
आणि खाली लिहिलं : वॉच म्हणजे घड्याळ.
आमच्यातल्या कुणाच्याच घरी मनगटाला लावायचं घड्याळ नव्हतं,
तरी पंचवीस वेळा लिहून आणलं.
वाटलं, संपला हा शब्द.

आता मी एकेचाळीस वर्षांचा.
डिसेंबर ते मे गालजीबागच्या वाळूवर
वनखात्याच्या रोजंदारीत असतो.
हजेरीवहीत कामाच्या रकान्यात
रेंजरसाहेब तोच शब्द लिहितात, लपेटदार अक्षरात.
म्हणजे सरकारने मला घड्याळ म्हणून नेमलंय.
काटे नाहीत. काठी आहे,
काचेवर लाल कागद चिकटवलेली बॅटरी आहे,
आणि जाळीच्या आत बांबूला टांगलेली पाटी :
घरटं नऊ, अंडी एकशे चौदा, एकोणीस जानेवारी.
कुत्री येतात. कोल्हा येतो.
कोल्ह्याला हाकलता येतं.
फोटोसाठी उजेड पाडणाऱ्यांना सर म्हणावं लागतं.

सांतान बोटीवर असतो, कुठल्या समुद्रात ते दर महिन्याला बदलतं.
त्याने कळवलं, माझी वॉच बारा ते चार.
मी विचारलं, कुठल्या कंपनीची?
दोन दिवस नुसते हसरे चेहरे पाठवत राहिला.
मग लिहिलं : चार तास उभं राहायचं, पुढे काळं पाणी,
काही झालं नाही तर काम नीट झालं.
मी लिहिलं, अरे, मग आपण एकाच खात्यात.

फेब्रुवारीत आईला मडगावला नेलं.
डॉक्टर कुएल्योंनी फिल्म उजेडाला धरली.
काळजाच्या खाली, उजवीकडे,
उकड्या तांदळाच्या शितासारखं काहीतरी.
कापायचं नाही, गोळीही नाही, म्हणाले,
सध्या नुसतं वॉच करूया.
आईने माझ्याकडे पाहिलं.
मला दुसरं काही सुचलं नाही.
म्हटलं, घड्याळ लावूया म्हणतात.
लाव, आई म्हणाली. पण गजर नको.

चावडीच्या बाजारात मास्तर भेटले, हातात भेंडीची जुडी.
म्हटलं, मास्तर, तुमच्या त्या शब्दाने फसवलं.
ते रस्त्यातच थांबले, मागे रिक्षावाला ओरडत होता.
म्हणाले, फसवलं कसलं?
आपल्यातही प्रहर आणि पहारा एकाच पोटचे.
तुम्हाला सांगायचं राहिलं,
तेव्हा तास संपला होता.

पन्नासाव्या रात्री आई म्हणाली, मीही येते.
सुरूच्या झाडाखाली प्लास्टिकच्या खुर्चीत बसली,
पायांवर माझं जॅकेट.
राखणदाराला म्हणून घरून रोट आणला होता,
तो तिने जाळीपासून लांब, मुळाशी ठेवला.
मुंग्या लागतील म्हटलं, तर म्हणाली,
त्याही राखणच करतात.

अडीचच्या सुमाराला वाळू खचली,
गालावर खळी पडावी एवढीच.
पळे, आई म्हणाली. हलकेच. कोंकणीतलं पळे, बघ.
मला मास्तरांची पळं आठवली,
साठ पळांची एक घटका, हातावर छडी घेऊन पाठ केलेली.
आणि खालच्यांना ऐकू गेलं ते तिसरंच :
बटणाएवढं डोकं, मग आणखी एक, मग सगळी वाळूच उकळली
आणि पळत सुटली,
धडपडत, एकमेकांवर चढत, पाण्याच्या फिकट रेषेकडे.

आई मोजत होती. चुकली, पुन्हा मोजू लागली.
मी लाल उजेड जमिनीवर धरला होता
आणि मधून मधून तिच्या चेहऱ्याकडे बघत होतो,
तिच्या लक्षात येणार नाही असा.
एक्याण्णव, ती म्हणाली.
मग जरा वेळाने, उरलेली?
म्हटलं, कधी दुसऱ्या रात्री येतात. कधी नाही.
साहेब सांगतात, उकरायचं नाही, थांबायचं.

मग थांबूया की, म्हणाली,
आणि पदर कानांवरून ओढून घेतला.