भाव सांजले फुटतो

सावद्याला केळीच्या गोडाउनात
पुठ्ठ्याच्या खोक्यांमागे संगणक आहे.
कीबोर्डावर चिकाचे काळे डाग,
एन्टरचं बटण तेवढं घासून पांढरं.

मी जळगावहून आलो होतो तक्रार बघायला:
मागच्या महिन्यात एकशे बारा गाड्यांचा भाव
एक रुपया क्विंटल.

सॉफ्टवेअर माझंच.
त्याच्या शिस्तीचा मला अभिमान होता.
रकाना रिकामा सोडून पुढे सरकताच येत नसे,
कर्सर अडून बसायचा नाक्यावरच्या शिपायासारखा
आणि लाल अक्षरांत माझंच वाक्य:
भाव भरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

यामिनीताई झोपेंनी माझ्यासाठी खुर्ची पुसली.
"भाऊ, गाडी भरती पहाटे.
भाव फुटतो सांजले.
तुमचं मशीन मले आठ वाजताच इचारते.
मंग मी एक टाकते.
एकले ते काहीच म्हनत नाही."

शून्य चालणार नाही, असं मी लिहिलं होतं.
एकाचा विचार केला नव्हता.

मग त्यांनी गाव भरून दाखवलं.
'चि' उमटलं, लगेच लाल: असे गाव नाही.
'चिनाव', तरी लाल.
'चिनावल' पुरं झालं आणि लाल गेलं.
दिवसातून साठ वेळा
चिनावल आधी नसतं, मग असतं.
"लहान पोरासारखं मधीच बोलते," त्या म्हणाल्या,
रागाने नाही.

त्यांच्याआधी लोटू अण्णा वही लिहायचे.
ती अजून कपाटात आहे, लाल कापडाची.
भावाच्या जागी पेन्सिलीचं टिंब,
टिंबावर संध्याकाळच्या शाईचा आकडा.
रात्री अण्णा बोट फिरवायचे वरून खाली,
एक जरी टिंब उघडं दिसलं
तर वही मिटत नसे,
मग जेवण थंड होवो.

दुपारभर मी पहारे उठवत बसलो.
सगळी विचारपूस आता शेवटी,
दिवस मिटताना, एकदाच.
फक्त गाडीचा नंबर तिथल्या तिथे तपासतो.
फाटकाबाहेर गेलेल्या गाडीला
कोण विचारणार?

सात वाजता फोन आला, भाव फुटला.
यामिनीताईंनी टिंबं भरली
(मी त्यांना रिकामे रकानेच म्हणायचो, सकाळपर्यंत).

ती एकशे बारा एकं मात्र तशीच आहेत.
मिटलेल्या दिवसात हात घालायला
सॉफ्टवेअर परवानगी देत नाही.
तेही मीच लिहिलं होतं.