निरंक

बारा मिनिटांचं रेकॉर्डिंग, सातशे एमबी.
मानोऱ्याच्या ऑफिसातून सदतीस अंगणवाड्यांना
पोरांचं वजन ॲपमध्ये कसं भरायचं ते दाखवायचं होतं.
माझा पडदा, माझा माऊस, माझा आवाज,
आणि मागे कुलर, अख्खा एप्रिल न थांबलेला.

सोमठाण्याला टॉवरची एकच काडी येते.
म्हणून आवळलं. चारशे ऐंशीवर आणलं,
सोळा एमबीत कोंबलं, ग्रुपवर सोडलं
आणि डबा उघडला.

भाकर हातात असतानाच दुरपता पारधेंचा फोन.
"मॅडम, थे पोरीचं वजन सहा पॉइंट तीन हाय
का सहा पॉइंट आठ? मले तं दिसूनच नाई रायलं.
आन् थो डब्बा पिवळा हाय का हिरवा?"

पोरगी खोटीच होती. नाव मीच दिलेलं, कुमारी नमुना,
वय दहा महिने.
पण आठ असेल तर ती हिरव्यात बसते,
तीन असेल तर पिवळ्यात,
आणि माझ्या फितीत तिचा आकडा
ओल्या कागदावरच्या शाईसारखा फुगला होता.
हिरवा पिवळ्यात उतरला होता.

इंदल राठोड दिग्रसला लग्नं शूट करतो.
हसला. म्हणाला, तू वरातीचा हिशेब लावला ताई.
वरातीत शंभर माणसं नाचतात,
एखाद्याचं नाक पुसट झालं तर नवरीलाही कळत नाही.
अक्षराला कड असते. कड गेली की अक्षर गेलं.
आणि रंग? रंग तर चार ठिपक्यांत मिळून एकच,
थंडीत चार भावंडांना एक वाकळ असते तसा.
पूर्ण रंगाची फाइलही त्यानं करून दिली.
अंगणवाडीच्या फोनवर नुसता काळा पडदा, खाली आवाज.

मग रात्री बसले.
पडद्याची लांबी-रुंदी होती तेवढीच ठेवली.
सेकंदाला तीस चित्रं कशाला, पाच पुरेत,
इथे नाचतंय कोण?
ॲपमधली अक्षरं मोठी केली
आणि डब्याशेजारी शब्दांत लिहिलं: पिवळा.

तेव्हा कळलं हे यंत्र कसं लिहितं.
एक चित्र पूर्ण काढतं.
पुढच्या चित्रात फक्त हललं तेवढंच,
माऊसचा बाण इथून तिथे.
काहीच हललं नाही तर आमच्या मासिक अहवालासारखं
लिहून मोकळं होतं: निरंक.
निरंक, निरंक, निरंक.
सातव्या मिनिटाला लाइट गेली, लॅपटॉप चालू राहिला,
मी चाळीस सेकंद गप्प, बाण जागच्या जागी.
त्या चाळीस सेकंदांचे त्यानं जवळजवळ काहीच पैसे लावले नाहीत.
कुलर बंद, त्यामुळे आवाजालाही फार जागा लागली नाही.
मला कौतुक वाटलं. वीस वर्षं अहवाल लिहितेय,
इतकं काटकसरीनं कधी जमलं नाही.

अकरा एमबी. सकाळी पाठवलं.

दहाच्या सुमाराला परत दुरपताबाई.
"आता साफ दिसते मॅडम. तीनच हाय, पिवळा हाय.
कुलर लय वाजते तुमचा."
मी हो म्हटलं. त्या फोन ठेवेनात.
"एक इचारू? तुमची थे नमुना खोटी हाय ना?
माह्याकडं एक खरीच हाय वो.
फेब्रुवारीत सहा पॉइंट तीन.
मार्चात थेच.
काल पुन्हा काट्यावर ठेवली, थेच.
बदल काईच नाई, म्हून म्या रकान्यात..."

रकान्यात काय लिहिलं ते त्यांनी सांगितलं नाही.
मी विचारलंही नाही.
उठून कुलर बंद केला, नीट ऐकू यावं म्हणून,
आणि म्हटलं, बाई, घर कुठल्या बाजूला आहे तिचं,
सांगा, मी लिहून घेते.